बाटल्या फुटल्या ते साल

"तू बरी आहेस ना?" सासूबाईंनी मला दाराआड ओढून विचारलं.

सकाळचे सहा वाजले होते. अंगणात चार क्विंटल टोमॅटो येऊन पडले होते, विहिरीपाशी दोन पिंपं धुऊन पालथी घातली होती आणि मी रात्री चांगली गाढ झोपले होते. मी म्हटलं, "बरी आहे की, मला काय धाड भरलीय?" त्यातला धाडीचा भाग अर्थात मनातल्या मनात. इटालियनमध्ये धाड कशी भरते ते मला अजून यायचं होतं.

"तसं नाही गं," त्यांनी आवाज आणखी खाली नेला. "बायकांचं विचारतेय. बरी आहेस ना?"

मग कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. आधी हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ असा संताप आला की कानशिलं तापली. तासगाव सोडलं, पुणं सोडलं, देश सोडला, आणि तो शिवणारा कावळा माझ्या आधीच विमानात बसून इथं येऊन पोचला होता.

ही तेवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. दक्षिण इटलीतल्या डोंगराळ बाझिलिकाता भागातलं आठशे उंबऱ्यांचं गाव, आणि मी त्या गावातली पहिली परदेशी सून. माझा नवरा दोनातो हा बाटल्या भरायची यंत्रं बसवणारा फिटर. नाशिककडच्या एका वाईनच्या कारखान्यात तो यंत्र बसवायला आला, तेव्हा तिथल्या प्रयोगशाळेत मी बुरश्या आणि जंतू मोजत बसलेली असायची. पुढचं सांगत बसत नाही, जगात सगळीकडं ते तसंच घडतं. लग्न करून मार्चमध्ये आम्ही त्याच्या आईवडिलांच्या घरी राहायला आलो. तो महिन्यातले वीस दिवस फिरतीवर. घरात मी, सासूबाई फिलोमेना आणि सासरे रोक्को.

पाच महिन्यांत मी पुष्कळ शिकले होते. ओल्या केसांनी अंगणात गेलं की सासूबाई टॉवेल घेऊन मागं धावायच्या, वारा लागून मरशील म्हणायच्या. भर ऑगस्टात. चहा मागितला की पोट दुखतंय का विचारायच्या, कारण त्यांच्याकडं चहा आजाऱ्याला देतात. जेवण एकला म्हणजे एकला. मी एकदा म्हटलं, आज दीडला जेवू, तर सासरे भिंतीवरचं घड्याळ काढून तपासायला बसले. फरशीवर अनवाणी चालायचं नाही. चादरींनाच काय, फडक्यांनाही इस्त्री. मी सगळं केलं. दुसऱ्याच्या घरी राहायला गेलेल्या माणसानं थोडं वाकावं, त्यात माझं काही जात नव्हतं. आणि खरं सांगायचं तर त्या बाईनं मला जीव लावला होता. मला तिखटावाचून घास उतरत नाही हे कळल्यावर त्यांनी तीन गावं फिरून मिरचीची रोपं आणली आणि माझ्या खिडकीखाली लावली.

पण ह्या एका प्रश्नाला मी वाकणार नव्हते, आणि त्याला कारण होतं. आमच्याकडं पाळी आली की चार दिवस मागच्या सोप्यात वेगळं कांबळं, वेगळं ताट. मी सतरा वर्षांची होते तेव्हा नेमकी लोणच्याच्या दिवशी माझी पाळी आली. घरात मोठी काकू म्हणजे हायकोर्ट. आईला हाताखाली माणूस हवं होतं. ती माझ्या कानात म्हणाली, "गप फोडी कर. विचारलं तर नाही म्हण." काकूनं विचारलं, मी नाही म्हटलं. लोणचं झकास झालं. पण वर्षभर काकूनं बरणी उघडली की मी मान वाकवून आधी आत बघायची. बुरशी दिसली तर? आईचं नाव निघालं तर? पुढं मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, बुरशी कशानं येते ते मला तोंडपाठ झालं, तरी त्या वर्षाची धास्ती काही गेली नाही. तेव्हाच ठरवून टाकलं होतं. ह्यापुढं कुणी विचारलं तर खोटं बोलायचं नाही, आणि खरं सांगून जागचं उठायचंही नाही.

"नाही," मी सासूबाईंना म्हटलं. "आज दुसरा दिवस आहे."

त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. माझ्या गालावरून हात फिरवला. "खरं सांगितलंस, फार बरं केलंस. मग तू वर जा, पोरी. खिडक्या लावून घे आणि पडून राहा. जेवण मी वर आणते. आज टोमॅटोला हात लावायचा नाही."

"आणि लावला तर?"

"तर सॉस नासतो. बाटल्या फुटतात."

"मम्मा, मी वर जाणार नाही," मी म्हटलं. "काल तुम्हीच मला यंत्रावर बसायला सांगितलंय. मी तिथंच बसणार."

आणि जाऊन बसले.

हे काम काय असतं ते सांगायला हवं, कारण सॉस म्हटलं की आपल्याला समोशाबरोबरची बाटली आठवते. हा तसला नव्हे. हा नुसता टोमॅटोचा गाळलेला रस, ना साखर ना मसाला. टोमॅटो धुवायचे, चिरायचे, मोठ्या कढईत वाफवायचे आणि दांड्याच्या यंत्रातून गाळायचे. रस बाटल्यांत भरायचा, प्रत्येक बाटलीत आपल्या तुळशीच्या भावकीतलं एक पान टाकायचं, बूच ठोकायचं. मग बाटल्यांमध्ये गोणपाट घालून त्या पिंपात थरावर थर रचायच्या, वर पाणी, खाली जाळ. चांगली उकळी झाली की जाळ विझवायचा, पिंप झाकायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याच्याकडं बघायचंही नाही. एवढ्यावर वर्षभर तीन घरं जेवायची: आमचं, कार्मेलाआत्यांचं आणि मिलानोला राहणाऱ्या माझ्या दिराचं. पिकलेला टोमॅटो कुणासाठी थांबत नाही. त्या उन्हात दुपारपर्यंत खोक्याखोक्यांतून पाणी गळायला लागलं असतं.

कार्मेलाआत्या म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. अडुसष्ट वर्षांच्या, अंगावर काळे कपडे, आणि कुठंही कामाला जाताना स्वतःची सुरी स्वतःच्या पिशवीत घेऊन जाणाऱ्या. त्यांना काही सांगावं लागलं नाही. त्यांनी सासूबाईंचा चेहरा पाहिला, यंत्राचा दांडा धरून बसलेली मी पाहिली, आणि नुकतीच काढलेली सुरी पिशवीत परत ठेवली.

"ती तिथून उठल्याशिवाय मी एक टोमॅटो चिरणार नाही," त्या म्हणाल्या. "फिलोमेना, तिला वर पाठव. की बाटल्या फुटल्या ते साल विसरलीस?"

सासूबाई मानेपर्यंत लाल झाल्या. त्या सालाचं नाव मी पाच महिन्यांत तीन-चारदा ऐकलं होतं. त्या गावात माणसं मोठ्या बर्फाचं साल म्हणतात, भूकंपाचं साल म्हणतात, तसंच हे. कुणाच्या बाटल्या, कशानं फुटल्या, ते मात्र माझ्यापुढं कुणी बोलत नसे. विषय निघाला की सगळे आधी सासूबाईंकडं बघायचे आणि मग हवापाण्याबद्दल बोलायला लागायचे.

एवढ्यात दोनातो खांद्यावर खोकं घेऊन आला. "काय झालं?"

"तुझ्या बायकोला विचार," आत्या म्हणाल्या.

आम्ही दोघं आपसात निम्मं इटालियन, निम्मं त्यानं नाशकात उचललेलं मराठी असं बोलायचो. मी त्याला दोन वाक्यांत सांगितलं. त्यानं कपाळ चोळलं.

"अगं, मग 'बरी आहे' म्हणायचं ना. कोण तपासायला येतंय?"

"मला खोटं बोलायचं नाही."

"एका दिवसाचा प्रश्न आहे, अलका. चार क्विंटल टोमॅटो आहेत."

"टोमॅटोंची माझ्याबद्दल काही तक्रार नाही. तुझ्या आत्याची आहे."

"आई रडेल."

"तू कुणाच्या बाजूनं आहेस ते सांग आधी."

त्यानं आईकडं पाहिलं, आत्याकडं पाहिलं. "टोमॅटोच्या," तो म्हणाला आणि खोक्यावर बसून राहिला. असा नवरा मी सात समुद्र ओलांडून शोधला होता.

सासरे विहिरीपलीकडं लाकडं फोडत होते. त्यांनी एकदा मान वर केली, बायकांच्या भानगडीत आपण कशाला अशा चेहऱ्यानं आमच्याकडं पाहिलं आणि पुन्हा कुऱ्हाड उचलली.

सात वाजले. साडेसात झाले. ऊन भिंतीवरून उतरून खोक्यांपर्यंत आलं तरी कुणी हललं नाही. आत्या हाताची घडी घालून उभ्या, सासूबाई पदराला हात पुसल्यासारख्या एप्रनला पुन्हा पुन्हा हात पुसताहेत, आणि मी दांडा धरून बसलेली. ओटीपोटात कळ येत होती. परका देश, परकं अंगण, माझ्या बाजूनं बोलणारं एक माणूस नाही. दोन-तीनदा वाटलं, मरू दे, जावं वर आणि पंखा लावून पडावं, एवढं काय त्यात. पण आज उठले असते तर पुढं आयुष्यभर उठत राहिले असते. आणि उद्या मला मुलगी झाली असती तर तिलाही उठवलं असतं. म्हणून बसून राहिले.

"त्या सालानंतर ह्या घरात टिपूस बिघडलं नाही," आत्या म्हणाल्या. "आता बाहेरची आली आणि शिकवायला लागली."

"मी काही शिकवत नाही, आत्या. मी नुसती बसलेय."

"तुमच्या देशात हे पाळत नाहीत वाटतं?"

"पाळतात," मी म्हटलं. "तिथंही मी भांडूनच आलेय."

सासूबाईंनी एक रिकामं खोकं ओढलं आणि माझ्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या जवळ, येऊन बसल्या.

"ऐक," त्या म्हणाल्या. "तुला वाटत असेल ही बाई अडाणी आहे."

"मला तसं वाटत नाही, मम्मा."

"वाटू दे. ते साल माझं आहे. बाटल्या माझ्यामुळं फुटल्या."

आत्यांनी मान डोलावली, आता आलीस मुद्द्यावर, अशी. सासूबाईंनी त्यांच्याकडं पाहिलं नाही. सहासष्ट सालचा ऑगस्ट, त्या सांगायला लागल्या. लग्नाला एक वर्ष झालेलं, त्यांचं वय एकवीस. रोक्कोला जर्मनीत काम मिळालं होतं. टोमॅटोच्या दिवसाच्या दुसऱ्याच पहाटे, चारच्या बसनं तो निघणार होता, तो परत येणार थेट नाताळात. त्या सकाळी त्यांच्या सासूनं त्यांना ह्याच दाराआड नेऊन हाच प्रश्न विचारला. त्यांचा पहिला दिवस होता.

"मी म्हटलं, बरी आहे. खरं सांगितलं असतं तर दिवसभर वर बसावं लागलं असतं. त्याचा तो शेवटचा दिवस होता गं. मला त्याच्या शेजारी बसून बुचं ठोकायची होती, एवढंच. दुसऱ्या दिवशी तो गेला, आणि दुपारी पिंप उघडलं. दीडशे बाटल्या होत्या, त्यातल्या नव्वद फुटलेल्या. सासूनं नुसतं माझ्याकडं बघितलं. मी रडायला लागले आणि सगळं कबूल केलं."

"तेव्हा तरी कबूल केलंस," आत्या म्हणाल्या.

"त्या हिवाळ्यात आम्ही कोरडा पास्ता खाल्ला. त्यानंतर सोळा वर्षं मला कुणी आपल्या टोमॅटोच्या दिवसाला बोलावलं नाही. कुणाची कोंबडी मेली तरी विचारायचे, फिलोमेना इकडून गेली होती का? माझं पहिलं मूल पोटात गेलं, तेव्हाही हेच म्हणाले." त्यांनी माझा दांड्यावरचा हात आपल्या हातात घेतला. "म्हणून मी विचारते. घरात येणाऱ्या प्रत्येकीला, दाराआड, हळू आवाजात. तुझं नाव ह्या लोकांच्या तोंडी जाऊ नये म्हणून. तू खरं बोललीस, माझ्यासारखं केलं नाहीस. आता वर जा. माझ्यासाठी जा."

आत्यांशी मला भांडता येत होतं. वर्षानुवर्षं छातीवर दगड घेऊन जगलेल्या आणि तो दगड माझ्या वाटणीला येऊ नये म्हणून धडपडणाऱ्या बाईशी कसं भांडायचं? मी दांडा सोडला. उठणारच होते. पण इतकी वर्षं बाटल्यांशी संसार केलेलं माझं डोकं मध्येच अडलं.

"मम्मा," मी विचारलं, "फुटल्या म्हणजे नेमक्या कशा फुटल्या होत्या?"

"फुटल्या म्हणजे फुटल्या," आत्या म्हणाल्या. "त्यात कशा काय?"

"बुचं उडाली होती का? रस आंबला की आतून जोर येतो. आधी बूच उडतं, नाहीतर बाटलीच्या ठिकऱ्या होतात."

सासूबाईंनी डोळे मिटले. त्यांना आठवावं लागत नव्हतं, ते पिंप त्यांनी हजार वेळा पाहिलेलं होतं. "नाही. बुचं जागेवर होती, दोरीनं बांधलेली. बुडं निघाली होती. बाटली उचलली की नुसतं बूड खाली राहायचं. सुरीनं कापल्यासारखं, गोल."

मी दोनातोकडं पाहिलं. तो खोक्यावरून उठून उभा राहिला होता.

"सांग," मी म्हटलं. "बूड असं कधी निघतं?"

त्याला सांगायचं नव्हतं, हे दिसत होतं. पण बाटल्यांचा प्रश्न विचारला की त्या माणसाला गप्प बसवत नाही. "तापलेल्या काचेला गार पाणी लागलं की," तो म्हणाला. "आमच्या लाइनवर धुवायचं पाणी गार आलं की हेच होतं. बूच तसंच राहतं आणि बूड सुटतं."

"रस नासल्यानं?"

"छे. आणि उकळलेला रस एका रात्रीत आंबेल कसा?"

"मम्मा, वरच्या बाटल्या फुटल्या होत्या की खालच्या?"

"वरच्या," सासूबाई हळूच म्हणाल्या. "खालचे दोन थर शाबूत होते."

"म्हणजे वरून कुणीतरी गार पाणी ओतलं."

"कोण ओतेल?" आत्यांचा आवाज चढला. "पिंपाला त्या रात्री कुणी हात लावत नाही. दहाला जाळ विझवला, झाकलं, सगळी झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारी आईनं आणि मी झाकण काढलं. मध्ये कोण येणार होतं, भूत?"

सासूबाईंचे ओठ हलत होते, जपमाळ ओढताना हलतात तसे. विहिरीकडून येणारा कुऱ्हाडीचा आवाज केव्हाचा थांबला होता, ते मला तेव्हा कळलं.

"बॅग मी भरली होती," त्या म्हणाल्या. आमच्यापैकी कुणालाच उद्देशून नाही. "पहाटे तीनला. बारा बाटल्या स्वयंपाकघरात टेबलावर ठेवल्या होत्या, त्यानं पिंपातून काढून आणलेल्या. जर्मनीत सॉस कुठला मिळणार, म्हणून. मी एकेक बाटली त्याच्या लोकरीच्या बनियनात गुंडाळली."

"ते सगळ्यांना माहीत आहे," आत्या म्हणाल्या. "आईनंच ने म्हणून सांगितलं होतं. ते काय हात लावणं झालं?"

"गार होत्या," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या हाताला गार लागल्या. दहाला जाळ विझवलेलं पिंप, कार्मेला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हात घातला तरी चटका बसतो. तीनला बाटल्या गार कशा?"

त्या खोक्यावरून उठल्या आणि विहिरीच्या दिशेनं वळल्या.

"रोक्को."

सासरे कुऱ्हाड खाली ठेवून उभे होते. बासष्ट वर्षांचा, दिवसभरात दहा वाक्यं बोलणारा माणूस. त्यांनी खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही, तेवढं श्रेय त्यांना द्यायला हवं.

"विहिरीच्या दोन बादल्या," ते म्हणाले. "बस चारला होती. कढत बाटल्या बॅगेत कशा घालणार? दोनचार तडकल्याचा आवाज आला. मला वाटलं, दोनचारच असतील."

"आणि नाताळात आलास तेव्हा?"

"तेव्हा कळलं."

"तेव्हा तुझी आई माझ्याशी बोलत नव्हती. मी वेगळ्या ताटात जेवत होते."

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

सासऱ्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "तू कबूल केलं होतंस, फिलोमेना. सगळं मिटलं होतं. आता पुन्हा आईपुढं विषय कशाला काढायचा, म्हटलं राहू दे."

"कुणाचं मिटलं होतं?"

मला त्या क्षणी त्या माणसाची इतकी चीड आली की यंत्राचा दांडा उपटून फेकून मारावासा वाटला. पाच महिने मी त्याला गरीब, देवमाणूस समजत होते.

"झालं ते झालं," आत्या मध्ये पडल्या. त्यांचा चेहरा मात्र उतरला होता. "चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यानं काही मुद्दाम केलं नाही."

"छत्तीस."

"भाऊ आहे तो माझा, फिलोमेना."

"आणि मी कोण होते?" सासूबाई म्हणाल्या.

मला वाटलं, आता सासूबाई कोसळणार. त्यांना धरावं म्हणून मी उठायला लागले, तर त्यांनी माझ्याकडं बोट रोखलं.

"तू उठू नकोस. मी येईपर्यंत ते यंत्र सोडायचं नाही. कुणी उठवायला आलं तर माझं नाव सांग."

"तुम्ही कुठं निघालात, मम्मा?"

त्या उत्तर द्यायला थांबल्या नाहीत. एरवी एप्रन घालून उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकणारी ती बाई, बेकरीत जायचं तरी मोजे चढवून जाणारी, तशीच सपाता घालून अंगण ओलांडून फाटकाकडं निघाली.

"फिलोमेना," आत्यांनी मागून हाक मारली, "टोमॅटो नासतील."

"मी छत्तीस वर्षं थांबले," त्या न वळता म्हणाल्या. "टोमॅटो तासभर थांबतील."

सासरे लगबगीनं त्यांच्या मागं निघाले. दोनातो आडवा झाला. त्यानं वडिलांच्या छातीवर हात ठेवला, हळूच, पण काढला नाही. दोघं तसेच उभे राहिले. मग कार्मेलाआत्यांनी पिशवीतून सुरी काढली, माझ्यापासून हातभर अंतरावर बसल्या आणि मान खाली घालून पहिला टोमॅटो चिरला.

रस्त्यापलीकडं असुंता नावाच्या बाईंचं घर. त्यांची आई नव्वदीची, खुर्चीला खिळलेली. सहासष्ट साली ती ह्या गल्लीतल्या सगळ्या बायकांची म्होरकी होती, कुणाला बोलवायचं आणि कुणाला टाळायचं ते तीच ठरवायची, हे मला नंतर समजलं. सासूबाईंनी ते दार मुठीनं वाजवलं. दार उघडल्याचा आवाज आला.

"असुंता, बाहेर ये," सासूबाई म्हणाल्या, आणि ते आमच्या अंगणात, विहिरीपर्यंत, लख्ख ऐकू आलं. "आणि तुझ्या आईची खुर्ची इथं दारात आणून ठेव. तिला ऐकू येतं ना अजून?"